‘उष्ण’ म्हणून बंद झालेले ताट : ग्लान्झमान विकार आणि आहार, एक प्रकरण

मुलगी १४ वर्षांची, वजन ४१ किलो, राहणार करवीर तालुक्यातल्या पंचगंगेकाठच्या एका गावात. लहानपणापासून घोळणा फुटतो. वर्षभरापूर्वी पाळी सुरू झाली तेव्हापासून नऊ-दहा दिवस अंगावर जाते. आता शाळेचा जिना चढताना धाप लागते. घरच्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मात्र औषधाचा नव्हता: "हिला काय खायला द्यायचं आणि काय बंद करायचं?"

हे प्रकरण कुणा एकीचे नाही. या विकाराच्या घरांत जे पुन्हा पुन्हा घडते ते एका मुलीच्या रूपात मांडले आहे. आकडे या विकारात नेहमी दिसणाऱ्या मर्यादेतले आहेत.

निदान उशिरा का झाले

बारशाला कान टोचले त्या रात्री कापूस चार वेळा बदलावा लागला होता. दुधाचा दात पडला की सकाळी उशीवर डाग. पोटऱ्यांवर आणि दंडांवर कायम निळे-काळे डाग, कुठे आपटल्याचे आठवत नसतानाही. आई-वडील आते-मामे भावंडे, म्हणजे वडिलांनी मामाची मुलगी केलेली. कोल्हापूर भागात यात काही वावगे मानत नाहीत, पण रक्तस्रावाच्या तक्रारीत ही माहिती पहिल्याच भेटीत विचारली पाहिजे. ती कुणी विचारली नव्हती.

तीन वेळा रक्त तपासले होते आणि तिन्ही वेळा ‘पेशी भरपूर आहेत’ असे सांगून परत पाठवले होते. ते खरेच होते. प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) २ लाख ८० हजार, पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासण्याही ठीक. अडचण संख्येत नव्हती, कामात होती. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ एदुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ साली वर्णन केलेला हा विकार. यात प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचा अल्फा-टू-बी बीटा-थ्री नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीची पकड) नसतो किंवा निकामी असतो. याच ग्राहकाने प्लेटलेट फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाला धरतात आणि त्याच्यामार्फत एकमेकींना. पुराच्या पाण्यापुढे पोती भरपूर आणून टाकली, पण एकही दुसऱ्यात अडकत नाही, तशी गत. बांध उभाच राहत नाही.

पहिला धागा स्वस्तातल्या तपासणीत सापडला. बोट टोचून थेट काचपट्टीवर घेतलेल्या थेंबात निरोगी माणसाच्या प्लेटलेट घोळक्याने दिसतात. इथे त्या एकेकट्या विखुरलेल्या होत्या. काचेच्या नळीतली गुठळी ३७ अंशांवर ठेवूनही आकसली नाही. मग प्लेटलेट एकत्रीकरणाची चाचणी झाली, म्हणजे निरनिराळी द्रव्ये घालून प्लेटलेट एकमेकींना धरतात का ते पाहिले: एडीपी, अॅड्रिनलिन, कोलॅजेन, अॅराकिडॉनिक आम्ल या कशालाच प्रतिसाद नाही, फक्त रिस्टोसेटिनला आहे. शेवटी फ्लो सायटोमेट्री या पेशींच्या पृष्ठभागाच्या तपासणीत सीडी ४१ आणि सीडी ६१, म्हणजे त्याच ग्राहकाचे दोन भाग, जवळजवळ शून्य. हा विकाराचा पहिला प्रकार, ग्राहक जवळजवळ नसलेला. अशा तपासण्या सगळीकडे होत नाहीत. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) रक्तशास्त्र संस्था हे त्यासाठीचे जुने आणि जाणते ठिकाण.

विकार दोन्ही बाजूंनी आला तरच होतो. आई-वडील दोघेही वाहक, त्यांना स्वतःला काही त्रास नाही. प्रत्येक बाळंतपणात शक्यता चारात एक. मुलीला सहा वर्षांचा भाऊ आहे.

वहीत काय निघाले

१४ दिवसांची वही ठेवायला दिली. पाच रकाने: काय खाल्ले (वाटी, चमचा, भाकरी अशा घरच्या मापात), कधी खाल्ले, कुठून रक्त आले, घड्याळाने किती मिनिटे, आणि गोळी-काढा-चूर्ण जे काही पोटात गेले ते. शेवटचा रकाना कुणालाच महत्त्वाचा वाटत नाही. या प्रकरणात सगळ्यात जास्त तोच बोलला.

जेवणाचे चित्र दोन दिवसांतच स्पष्ट झाले. घोळणा उष्णतेने फुटतो असे घरात ठाम होते, म्हणून उष्ण ते सगळे बंद. बंद यादी अशी: गूळ, तीळ, बाजरी, मेथी, शेंगदाणे, खजूर, अळीव, अंडी, मटण. चालू यादी: भात, ताक, दूध, केळी, काकडी, सब्जा, गुलकंद, उपवासाला साबुदाणा. आजीचे म्हणणे साधे होते: "आदी रगात थांबू दे, मग खाईल की काय खायाचं ते."

दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. बंद यादी म्हणजे स्वयंपाकघरातल्या लोहाची यादीच जवळपास. चालू यादीत लोह नावालाच. हिशेब केला तर रोजचे लोह ९ मिलिग्रॅमच्या आसपास भरले. या वयाच्या मुलीसाठी आयसीएमआरची शिफारस ३० मिलिग्रॅमची आहे, तीही नेहमीइतकीच पाळी असणाऱ्या मुलीसाठी.

आजीला दोष द्यावा असे यात काही नाही. तिने बघितले होते ते खोटे नव्हते, त्यावर पुढे येतोच. पण मायेने काढलेल्या या ताटाने मुलीचा रक्तस्राव वाढवला.

हिशेब

इथे आकडे मांडायलाच हवेत, कारण ‘रक्तवाढीला बीट आणि गूळ द्या’ या सल्ल्याची ताकद किती ते आकड्यांशिवाय कळत नाही.

एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. मुलीचे हिमोग्लोबिन ७.२, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचे माप) ४, पेशींचा सरासरी आकार (एमसीव्ही) ६४. म्हणजे साठा संपलेला आणि पेशी खुज्या. पाळीत पॅडच्या नोंदीवरून अंदाजे १५० मिलिलिटर रक्त जात होते. एवढ्या पातळ रक्तातूनही त्याचे सुमारे ३७ मिलिग्रॅम लोह होते. त्वचा आणि आतड्यातून रोज झडणारे लोह वजनाच्या मानाने धरले तर महिन्याला १७. एकूण खर्च ५४, आणि यात घोळणा धरलेला नाही.

आता जमा. शाकाहारी जेवणातले लोह नेहमी पाच ते आठ टक्के शोषले जाते. साठा रिकामा असला की आतडे जास्त ओढते, म्हणून उदारपणे १५ टक्के धरू. ९ मिलिग्रॅमचे १५ टक्के, गुणिले ३० दिवस: सुमारे ४०. दर महिन्याला १४ ची तूट.

ताट सुधारून रोजचे लोह १८ वर नेले तर जमा ८१ होते आणि महिन्याला २७ शिल्लक राहतात. हिमोग्लोबिन १२ पर्यंत न्यायला आणि साठा भरायला या वजनाच्या मुलीला साधारण १,००० मिलिग्रॅम लोह लागते. भागाकार करा: तीन वर्षे. तेही पाळी वाढली नाही आणि मोठा रक्तस्राव झाला नाही तर. त्यातच रक्त दाट होऊ लागले की प्रत्येक मिलिलिटरबरोबर जाणारे लोहही वाढते.

म्हणून जेवण सुधारणे आवश्यक आहे आणि एकटे ते अपुरे आहे. ही दोन वाक्ये वेगळी करू नयेत. गुळाचेच घ्या: कोल्हापुरी गुळाच्या १० ग्रॅम खड्यात लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. चवीला आणि थोड्या भरीला ठीक, औषध म्हणून नाही. अळिवाबद्दल जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम लोह छापलेले आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ते १७ च्या आसपास आहे. एक चमचा अळीव म्हणजे मिलिग्रॅमभरसुद्धा नाही.

आणि अळणी. आजारी माणसाला मटण शिजवलेले अळणी पाणी द्यायचे, ‘अंगात रक्त भरतं’ म्हणून. मटण बंद असले तरी या घरात दर रविवारी मुलीला वाटीभर अळणी मिळत होते आणि खडे (मटणाचे तुकडे) बाकीच्यांच्या ताटात जात होते. लोह खड्यांत राहते, कलेजीत तर आणखी. पाण्यात उतरते ते अगदी थोडे. तिच्या वाटीत मीठ, चरबी आणि आधार होता. लोह शेजारच्या ताटात होते.

रक्त कमी असणे हेच रक्त जायचे कारण

हा मुद्दा घरच्यांना सांगितला की ते गप्प होतात, म्हणून सावकाश सांगावा. वाहत्या रक्तात तांबड्या पेशी मधोमध धावतात आणि प्लेटलेटना कडेला, नसेच्या भिंतीकडे ढकलतात. जखम भिंतीला होते, तेव्हा प्लेटलेट तिथे हजर असणे हेच अर्धे काम. तांबड्या पेशी घटल्या की हे ढकलणे कमी होते. निरोगी प्लेटलेट असलेल्या माणसाचेही तीव्र पंडुरोगात रक्त थांबायला वेळ लागतो. इथे तर प्लेटलेट आधीच एकमेकींना धरत नाहीत. भिंतीला चिकटून जे थोडे काम त्या करू शकतात तेही जाते.

म्हणजे चक्र असे बसले होते: घोळणा फुटला, म्हणून उष्ण बंद, उष्ण बंद, म्हणून लोह बंद, रक्त पातळ, म्हणून घोळणा लांबला, लांबला म्हणून आणखी एक पदार्थ बंद. अन्नाने विकार होत नाही आणि अन्नाने तो जातही नाही, कारण नसलेला ग्राहक कुठल्याही पदार्थाने उगवत नाही. पण लक्षणे किती तीव्र असतील यात ताटाचा वाटा मोठा होता.

घरात आणखी दोन उपाय चालू होते तेही इथेच निकालात काढू. पपईच्या पानांचा रस आणि किवी ‘पेशी वाढायला’ दिले जात होते. पेशी कमी नव्हत्याच. ‘के’ जीवनसत्त्वाची इंजेक्शनेही मिळाली होती. ते जीवनसत्त्व यकृतात बनणाऱ्या गोठण-घटकांसाठी लागते आणि ते घटक या विकारात ठीक असतात. उलट दंडात दिलेल्या इंजेक्शनच्या जागी लिंबाएवढी गाठ आली होती. या मुलांना स्नायूत इंजेक्शन टाळायचे असते, लोहाचेसुद्धा.

पाचवा रकाना

पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत वहीत ‘पोटदुखीची गोळी, दोन वेळा’ अशी नोंद. गोळीची पट्टी मागवून पाहिली: मेफेनॅमिक आम्ल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन यांच्याच घराण्यातले. हे औषध प्लेटलेटचे उरलेसुरले संदेश बंद पाडते आणि जठराचे अस्तर सोलते. ज्या तीन दिवसांत रक्त सर्वांत जास्त जाते त्याच दिवसांत ते पोटात जात होते, आणि त्या दिवसांच्या रक्तस्रावाचे खापर तिळाच्या चटणीवर फुटले होते. गोळी बंद करून पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी दिली. पुढच्याच पाळीत पॅडची संख्या घटली. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत जलद फायदा एवढ्या एका बदलाचा आहे, आणि तो आहाराच्या वहीतून निघाला.

त्याच रकान्यात माशाच्या तेलाच्या गोळ्याही होत्या, हुशारीसाठी म्हणून नातेवाइकांनी आणलेल्या. त्याही थांबवल्या. ओमेगा-थ्री, ‘ई’ जीवनसत्त्वाचा मोठा डोस, हळदीच्या अर्काच्या, लसणाच्या आणि आल्याच्या गोळ्या, गिंको या झाडाच्या पानांचा अर्क: हे सगळे प्लेटलेटच्या कामात कमी-अधिक अडथळा आणू शकतात, आणि मिळणारा फायदा तेवढा मोलाचा नाही. पण मासा खाणे आणि माशाच्या तेलाची गोळी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजीतली अर्धा चमचा हळद, फोडणीतला लसूण, चहातले आले चालते. लसूण ठेचून तेलात राहिला की अजोईन नावाचे द्रव्य तयार होते. ते फायब्रिनोजेनला प्लेटलेटवर बसू देत नाही, म्हणजे नेमके याच ग्राहकावर काम करते. पहिल्या प्रकारच्या विकारात तो ग्राहकच नाही, तेव्हा त्या वाटेने अजोईन आणखी काय बिघडवणार? तरी लसणात इतर द्रव्येही असतात, म्हणून दात काढण्याआधी किंवा शस्त्रक्रियेआधी आठवडाभर कच्च्या लसणाचा ठेचा बाजूला ठेवायचा. कांदा-लसूण चटणी शिजवलेल्या रश्श्यातून चालू राहिली. ती काढली असती तर मुलगी जेवलीच नसती.

तांबड्या रश्श्याची परीक्षा

आता आजीच्या निरीक्षणाकडे. तिखट खाल्ल्यावर घोळणा फुटतो असे ती म्हणायची. मिरची रक्त पातळ करते म्हणून असे घडते, हे खरे नाही. पण कढत, तिखट रस्सा खाताना नाक वाहते, चेहरा आणि नाकाचे अस्तर लाल होते, मूल मनगटाने नाक पुसते, शिंकरते, आणि नाकाच्या पुढच्या पडद्यावरची आधीचीच खपली निघते. परिणाम आजीने बरोबर पाहिला होता.

मटण परत ताटात आले तेव्हा हे तपासून घेतले. पहिले चार रविवार नेहमीसारखा वाफाळता तांबडा रस्सा. तीन वेळा दोन तासांत घोळणा. पुढचे चार रविवार तोच रस्सा, तीच चटणी, पण ताटात दहा मिनिटे थांबून कोमट, नाक मऊ कापडाने नुसते टिपायचे, आणि सकाळ-रात्र नाकपुडीत पेट्रोलियम जेलीचे बोट. घोळणा एकदाच. चार आणि चार रविवारांनी काही सिद्ध होत नाही, पण एका घराला काय बदलायचे हे ठरवायला तेवढे पुरले. मिरची राहिली, वाफ गेली.

हीच पद्धत कुठल्याही संशयित पदार्थाला लावता येते. एका वेळी एकच बदल, निदान दोन-तीन आठवडे, पाळीचा आठवडा वगळून. एकदम पाच पदार्थ बंद केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही, आणि ते पाचही कायमचे बंद राहतात.

हिरड्यांचे मात्र कारण थेट होते. गावात उसाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पोरे कांडे दाताने सोलतात. उसाच्या सालीची धार आणि चोयट्या हिरडीत शिरतात. वहीतले हिरडीचे सहा प्रसंग पाहिले तर दोन उसाचे, दोन कडक भाकरीच्या पापुद्र्याचे, एक चिक्कीचा, एक दाताच्या फटीत अडकलेल्या चिरमुऱ्याच्या टरफलाचा. उपाय घरातच होते: ऊस रसाच्या रूपात, भाकरी आमटीत कुस्करून काला करून, चिक्कीऐवजी शेंगदाण्याचे कूट घातलेला मऊ लाडू, भडंगाऐवजी दडपे पोहे. रक्त येते म्हणून घासणे सोडले होते तेही परत सुरू केले, मऊ ब्रशने. दातांवर कीट साचले की हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी भातानेही रक्ताळते. आजीची मिश्री मुलीच्या हाती लागू द्यायची नाही असे स्पष्ट सांगितले.

नवे ताट

सकाळी उठल्यावर लोहाची गोळी, एक दिवसाआड. शुद्ध लोह १०० मिलिग्रॅमची, अर्धे लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. रोज घेतली की शरीर लोहाचे दार थोडे लोटून घेते, एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतले जास्त शोषले जाते आणि पोटही कमी बिघडते. गोळी पूर्वीही होती. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळे, ६० मिलिग्रॅम लोहाची. ती कमतरता टाळण्यासाठी आहे, एवढी खोल तूट भरायला नाही. वर घरी लिहून दिलेली गोळी चालली होती दुधाबरोबर. "कडू लागतंय, मी दुधासंगट घेतो की," मुलगी म्हणाली. आठवड्यातून एकदा वडील तिला कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पाजत, त्या दिवशी गोळी तिथेच. दुधातले कॅल्शियम लोहाला आत जाताना अडवते. चहातले टॅनिन तर लोहाला बांधूनच टाकते. म्हणून गोळीनंतर एक तास चहा नाही, दोन तास दूध नाही. दूध रात्री, आणि उकळलेले. कच्च्या दुधातून येणारे जंतू अशा मुलीला परवडणारे नाहीत.

दिवसभरात दोन भाकरी, बाजरी आणि ज्वारी आलटून पालटून. दुपारी मोड आणलेली मटकी किंवा मसूर, कोरडी मोजली तर ६० ग्रॅम. मोड आणल्याने लोह अडवणारे फायटेट घटते, म्हणून नाचणीही मोड आणून दळलेली. नाचणीत लोह आहे, पण कॅल्शियम आणि टॅनिनही भरपूर, त्यामुळे तिच्यावर फार भरवसा टाकलेला नाही. पालेभाजी १०० ग्रॅम, लोखंडी कढईत, आमटीला चिंच. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की भांड्यातले लोह उतरते, ते फुकटचे. प्रत्येक जेवणात लिंबू किंवा पेरू. ‘सी’ जीवनसत्त्व लोह आत घेते आणि केशवाहिन्यांची भिंतही सांभाळते. रोज एक अंडे. रविवारी मटणाचे चार खडे, पंधरवड्याला ५० ग्रॅम कलेजी. नवरात्रात आणि श्रावणात उपवास करायचाच असेल तर साबुदाण्याच्या जागी राजगिरा आणि शेंगदाणे. साबुदाण्यात लोह जवळजवळ नसते.

शेतात अनवाणी फिरणे बंद. हुकवर्म आतड्याला चिकटून रोज थोडे रक्त पितो, आणि या मुलीला तेही सोसवत नाही. शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवायची नाही.

रक्त येते त्या दिवशी

घोळणा फुटला की बसवायचे, मान पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत, घड्याळ लावून १५ मिनिटे, मध्ये सोडून बघायचे नाही. तोंडात आलेले थुंकायचे. पूर्वी मान मागे करून डोक्यावर पाणी मारत आणि दूर्वांचा रस नाकात सोडत. रक्त घशातून पोटात जाई आणि तासाभराने काळी उलटी होई, ती पित्ताची समजून लिंबू-सोडा दिला जाई. थांबल्यावर २४ तास गरम, तिखट, कडक काही नाही: गार गुरगुट्या भात, ताक, गार झालेली मऊ खिचडी. हिरडीतून येत असेल तर स्ट्रॉने ओढायचे नाही, ओढ लागून खपली निघते. ट्रॅनेक्सॅमिक आम्ल (झालेली गुठळी विरघळू न देणारे औषध) भिजवलेला कापूस नाकात किंवा त्याच औषधाची गुळणी, तज्ज्ञांनी शिकवल्याप्रमाणे. पाळीत त्याच औषधाच्या गोळ्या, १ ग्रॅम तीन वेळा, पाच दिवस. लघवी लाल असेल तर ते औषध घरच्या घरी घ्यायचे नाही, मूत्रवाहिनीत गुठळी अडकू शकते. अर्ध्या तासात थांबले नाही, चक्कर आली, डोक्याला मार लागला, तर थेट मोठे रुग्णालय, निदानाचा कागद हातात घेऊन. तिथे पुढचे उपाय आहेत, पण प्लेटलेट चढवणे शेवटी ठेवावे लागते. वारंवार चढवल्या तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि खऱ्या गरजेच्या वेळी त्या उपयोगी पडत नाहीत.

मध्येच बिघडलेले

तिसऱ्या आठवड्यात गोळीने बद्धकोष्ठ झाले, खडा उतरताना चीर पडली आणि दोन दिवस रक्त गेले. घरच्यांनी लगेच मटण बंद केले. कारण गोळी आणि कमी पाणी हे होते. दिवसाला दोन लिटर पाणी, रात्री भिजवलेले काळे मनुके, भाजीचे प्रमाण वाढवले आणि गोळीचा प्रकार बदलला.

दुसरी भीती काळ्या शौचाची. लोहाने शौच हिरवट-काळे होते, पण बांधीव असते. आतड्यात रक्त गेले असेल तर ते डांबरासारखे चिकट, पाण्याने न निघणारे आणि उग्र वासाचे असते. हा फरक आईला आणि मुलीला दोघींना शब्दांत सांगून पाठ करून घेतला. बीटही म्हणूनच ताटात ठेवलेले नाही: लोह फारसे नाही, आणि लघवी-शौच लाल झाले की रक्त आहे की बीट हे कळत नाही.

सहा महिन्यांनंतर

आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.६, सहा महिन्यांनी १२.२, फेरिटिन ३१. घोळणा पूर्वी पंधरवड्यात पाच वेळा, आता महिन्यात दोन-तीन वेळा आणि बहुतेक वेळा दहा मिनिटांत थांबणारा. पाळी सहा दिवसांवर. यातले आहाराचे किती, ट्रॅनेक्सॅमिक आम्लाचे किती, मेफेनॅमिक बंद केल्याचे किती, हे वेगळे काढता येत नाही, कारण मुलीची हालत बघता सगळे एकदमच करणे भाग होते. रश्श्याची आणि भाकरीची नोंद तेवढी आहाराची म्हणता येईल. प्लेटलेटची चाचणी आज केली तर ती पहिल्या दिवसासारखीच येईल.

गोळी आणखी तीन महिने चालू राहील, साठा भरेपर्यंत. फेरिटिन दर तीन महिन्यांनी. वही आता मुलगी स्वतः लिहिते, आणि बीट सोडले तर बंद यादीत एकच पदार्थ उरला आहे, दाताने सोललेला ऊस. धाकट्या भावाची तपासणी अजून व्हायची आहे. त्याचा पुढचा दात हलू लागला आहे आणि तो पडायच्या आत ती झाली पाहिजे.